शिकागो ब्लूज आवडतं ना, मग लेस पॉलसाठी कशाला झुरतोस? जुन्या अमेरिकन गिटारींबद्दल एका वाचकाला उत्तर

प्रश्न: नमस्कार दादा. मी मूळचा पुण्याचा, सध्या न्यू जर्सीत एडिसनला असतो. कॉलेजपासून गिटार वाजवतो आणि गेली काही वर्षं शिकागो ब्लूजने पार वेड लावलंय, विशेषतः जिमी रीड. मला एक खरी जुनी अमेरिकन इलेक्ट्रिक गिटार घ्यायचीय, आणि पुढे जमेल तसं छोटं कलेक्शन करायचंय. पण साठच्या दशकातला फेंडरचा स्ट्रॅट किंवा गिब्सनचा लेस पॉल बघायला गेलं की त्या किमतीत गाडी येते. बजेट १५०० डॉलर, त्याच्या वर जायचं नाही असं बायकोशी बोलून ठरलंय. एक मित्र म्हणतो जुन्याच्या नादाला लागू नको, सरळ नवी मेक्सिकन फेंडर घे. दुसरा म्हणतो जुनी आत्ता घेऊन ठेव, पाच वर्षांत दुप्पट होईल. सध्या एक हार्मनी रॉकेट पाहून ठेवलीय, किंमत १३५०, विकणारा म्हणतो ॲक्शन, म्हणजे तारांची दांड्यापासूनची उंची, जरा हाय आहे पण सेटअप केला की झालं. घेऊ का? आणि तीनेक वर्षांत पुण्याला परत यायचा विचार आहे, तेव्हा गिटार बरोबर आणता येईल ना?

उत्तर: नमस्कार मित्रा. आधी त्या रॉकेटबद्दल बोलतो कारण ते घाईचं आहे, बाकीचं नंतर. "ॲक्शन हाय आहे, सेटअप केला की झालं" हे वाक्य हार्मनी आणि के या कंपन्यांच्या जुन्या गिटारींच्या जाहिरातीत कायम दिसतं आणि खूपदा ते खरं नसतं. विकणारा मुद्दाम फसवत असेल असं नाही, बऱ्याचदा त्याला स्वतःलाच माहीत नसतं, माळ्यावर सापडलेली असते, कोणाच्या तरी आजोबांची असते. म्हणून पैसे द्यायच्या आधी प्रत्यक्ष जा, गिटार हातात घे आणि पहिल्यांदा ती नीट ट्यून कर, कारण तारा सैल असताना नेकचं, म्हणजे गिटारच्या लांब दांड्याचं, काहीच कळत नाही.

ट्यून झाली की जाडी तार एका हाताने पहिल्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) दाब आणि दुसऱ्या हाताने जिथे नेक बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर दाब, आणि मधे सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात किती फट दिसते ते बघ. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट असेल तर नेक सरळ आहे असं समज. जास्त असेल तर नेक पुढे वाकलीय, पण रॉकेटला ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक सुधारणारी सळई) असतो त्यामुळे तो चालू असेल तर हे बऱ्यापैकी सुधारतं. त्या रॉडचा नट फिरतो का हे विकणाऱ्यालाच फिरवून दाखवायला सांग, तू स्वतः जोर लावू नकोस, साठ वर्षांचा गंजलेला रॉड तुझ्या हातात तुटला तर वाद नको.

आता मुख्य गोष्ट. नेक सरळ आहे आणि तरीही बाराव्या फ्रेटवर तारा वीत वीत वर दिसतायत, असं असेल तर ब्रिजकडे, म्हणजे बॉडीवर तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीकडे, बघ. रॉकेटचा ब्रिज लाकडी असतो आणि दोन छोट्या चाकांवर वर-खाली होतो. ती चाकं पार तळाला टेकलेली असतील आणि तरी तारा उंच असतील तर प्रॉब्लेम सेटअपचा नाहीच, नेक बॉडीला ज्या कोनात चिकटवलेली असते तो कोनच इतक्या वर्षांच्या तारांच्या ताणाने बदललाय. तो सरळ करायचा म्हणजे सांधा वाफ देऊन सोडवायचा, तासायचा आणि परत चिकटवायचा, याला नेक रीसेट म्हणतात आणि चांगला कारागीर त्याचे चारशे ते सहाशे डॉलर सहज घेतो. म्हणजे तुझी १३५० ची गिटार तिथेच एकोणीसशेला गेली आणि घरी दिलेला शब्दही मोडला. नेक जिथे बॉडीला मिळते तिथे खालच्या बाजूला, टाचेपाशी, बारीक फट दिसते का तेही बघ, सांधा उचलला गेला असेल तर ती तिथे दिसते, कधीकधी कोणीतरी गोंद भरून लपवलेली असते.

तर हिशोब सोपा आहे. चाकांखाली अजून उतरायला जागा आहे, नेक सरळ आहे, सांधा घट्ट आहे, तर रॉकेट घेण्यासारखी गिटार आहे, फक्त १३५० ऐवजी अकराशेच्या आसपास बोलणी कर. रीसेट लागणार असेल तर आठशेच्या वर देऊ नकोस, आणि नाही दिली त्याने तर सोडून दे. दुसरी मिळेल रे, खरंच मिळेल. साठच्या दशकाच्या मध्यात हार्मनी वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास वाद्यं बनवत होती, त्यातली कितीतरी अजून लोकांच्या बेसमेंटमधून बाहेर येतायत.

आणि हो, पिकअप, म्हणजे तारांचं कंपन पकडून ॲम्पकडे पाठवणारा भाग, बघ. रॉकेटवर टोलेडोच्या रो इंडस्ट्रीजचे डीआर्मंड पिकअप असतात, त्यातल्या सोनेरी पत्र्याच्या पिकअपना आता इतकी मागणी आहे की लोक ते काढून वेगळे विकतात आणि गिटारमध्ये दुसरंच काहीतरी बसवून ती पुढे सरकवतात. फोटोत पटकन लक्षात येत नाही. स्क्रूच्या आजूबाजूला जास्तीची भोकं, वेगळ्या आकाराचा खड्डा, सोल्डरिंग चकचकीत नवं, असं काही दिसलं की विचार.

आता तुझ्या पत्रातल्या मूळ गोष्टीकडे येतो. तू लिहिलंयस त्याचा सूर असा आहे की लेस पॉल परवडत नाही म्हणून त्याच्या जागी काहीतरी. मला वाटतं तू हे उलटं बघतोयस. तुला आवडतं शिकागो ब्लूज. आणि हार्मनी कुठली? शिकागोची. के कुठली? शिकागोची. सुप्रो, नॅशनल आणि एअरलाइन या नावांनी गिटार बनवणारी व्हॅल्को कुठली? तीही शिकागोचीच. त्या गिटारी कॅटलॉगमधून घरोघरी विकणारी सिअर्स आणि माँटगमरी वॉर्ड, दोघांची मुख्य ऑफिसं शिकागोत. मिसिसिपीहून कामधंद्यासाठी शिकागोला आलेल्या माणसाला हप्त्यावर जी गिटार मिळायची ती बहुतेक यांच्यापैकीच एखादी असायची. तुझा जिमी रीड केची थिन ट्विन वाजवायचा, इतकी की ती गिटार आज त्याच्याच नावाने ओळखली जाते. स्लाइड, म्हणजे बोटात नळी घालून तारांवर घसरवत, वाजवणारा जे. बी. हट्टो लाल फायबरग्लासची एअरलाइन घेऊन स्टेजवर जायचा. यांच्या गिटारी कुठल्या महागड्या गिटारींची नक्कल म्हणून बनल्या नव्हत्या, त्या लोकांना परवडतील अशा बनल्या आणि ब्लूजचा एक मोठा भाग त्यांच्यावरच वाजला. म्हणजे तू ज्या गिटारला दुय्यम समजतोयस ती तुझ्या संगीताची मूळ गिटार आहे.

लेस पॉल किंवा स्ट्रॅट वाईट आहेत असं मी अजिबात म्हणत नाही, अप्रतिम वाद्यं आहेत. पण ज्या किमती तू बघतोयस त्या नुसत्या आवाजाच्या नाहीत. १९५८ ते १९६० या तीन वर्षांतली सनबर्स्ट लेस पॉल आज लाखो डॉलरला जाते. फेंडरचं असं की लिओ फेंडरने जानेवारी १९६५ मध्ये कंपनी सीबीएस या रेडिओ-टीव्ही कंपनीला १.३ कोटी डॉलरला विकली, आणि त्या विक्रीच्या आधीची गिटार म्हटलं की किंमत हजारोंनी वर. म्हणजे विक्रीच्या आधी थोडे दिवस बनलेली आणि नंतर थोडे दिवस बनलेली गिटार तीच माणसं, तीच मशिनं, जवळपास तेच पार्ट, तरी भावात एवढा फरक. हा कलेक्टर लोकांचा बाजार आहे, आणि वाजवणाऱ्या माणसाने त्यात उतरायलाच पाहिजे असं कुठे आहे.

मग १५०० मध्ये काय काय येतं ते सांगतो. सगळं सांगत नाही, जे मला मनापासून आवडतं आणि तुझ्या कामाचं आहे तेच.

पहिली म्हणजे डॅनइलेक्ट्रोने सिअर्ससाठी बनवलेली सिल्व्हरटोन. तुला माहितीये का, ही तुझ्या घरापासून तासाभराच्या आत, नेपच्यून, न्यू जर्सीला बनायची. नेथन डॅनियल नावाचा माणूस, मुळात ॲम्प्लिफायर बनवणारा, त्याने गिटार बनवताना प्रत्येक ठिकाणी विचार केला की हे स्वस्तात पण नीट कसं होईल. बॉडी म्हणजे पॉपलरच्या लाकडी चौकटीवर पुढून-मागून हार्डबोर्ड चिकटवलेला, आपण शाळेत परीक्षेला क्लिप लावलेलं जे पॅड न्यायचो ना, तेच मटेरियल. पिकअपसाठी त्याने लिपस्टिकच्या धातूच्या नळ्या घेतल्या, आत चुंबकाच्या पट्टीवर थेट तार गुंडाळायची, टेप लावायची आणि नळीत सरकवायची. दोन पिकअप असलेल्या मॉडेलमध्ये दोन्ही एकत्र चालू केले की ते सीरिजमध्ये जोडले जातात, म्हणजे बाकी बहुतेक गिटारींमध्ये मधल्या पोझिशनला आवाज पातळ होतो तसं इथे होत नाही, उलट आवाज वाढतो आणि भरदार होतो. हे एकदा ऐकलंस की तुला ते दुसऱ्या गिटारमध्ये सापडणार नाही. लेड झेपेलिनच्या जिमी पेजने स्टेजवर डॅनइलेक्ट्रो वाजवली ती काही पैसे नव्हते म्हणून नाही.

तिचा अजून एक फायदा, नेक स्क्रूने बसवलेली असते आणि आत न फिरणाऱ्या स्टीलच्या पट्ट्या असतात. रीसेटचा खर्च नाही, कोन बिघडला असेल तर सांध्यात बारीक पट्टी घातली की झालं, वीस मिनिटांचं काम. पण नेक स्वतःच वाकलेली असेल तर ट्रस रॉड फिरवून सरळ करता येत नाही, म्हणून घेताना वर सांगितलेली फटीची टेस्ट इथे अजून महत्त्वाची. लाकडाच्या एकाच पट्टीचा ब्रिज असल्यामुळे वरच्या फ्रेटवर सूर थोडे हलतात, स्लाइडला काही फरक पडत नाही, पण कॉर्ड वाजवताना खुपलं तर धातूचा बदली ब्रिज मिळतो, मूळ ब्रिज मात्र पिशवीत घालून केसमध्ये ठेव, टाकू नको. १९६२ पासूनची १४४८ आणि १४४९ ही मॉडेलं शोध, त्यांच्या केसमध्येच ॲम्प असतो, १४४८ तेव्हा ६७.९५ डॉलरला कॅटलॉगमधून यायची, आणि आज त्या हजाराच्या आतबाहेर मिळतात. (याच कंपनीने १९६७ मध्ये व्हिन्सेंट बेल या गिटारिस्टबरोबर इलेक्ट्रिक सितार काढली, कोरल नावाने, तिच्या किमती तुझ्या बजेटच्या पलीकडे आहेत पण कधी दुकानात दिसली तर नक्की वाजवून बघ.)

तो केसमधला ॲम्प मात्र थेट प्लगला लावू नकोस, अगदी कळकळीने सांगतो. साठ वर्षांचे कपॅसिटर, दोन पिनांचा प्लग, अर्थिंग नाही, आणि त्या काळातल्या काही छोट्या ॲम्पमध्ये मेन लाइन आणि तू यांच्यात ट्रान्सफॉर्मरसुद्धा नसायचा. आधी ॲम्पवाल्या टेक्निशियनला दाखव.

दुसरी गिटार आहे पीव्ही टी-६०. हिचा शिकागोशी काही संबंध नाही, ही मिसिसिपीतल्या मेरिडियनची, म्हणजे जिथून ते ब्लूजवाले निघाले त्या राज्यातली. १९७८ मध्ये आली. हार्टली पीव्हीने बघितलं की बंदुकीचे लाकडी दस्ते कारखान्यात मशिनवर हुबेहूब एकसारखे कोरले जातात, मग गिटारची नेक का नाही, आणि त्याने चिप टॉड या कारागिराला बरोबर घेऊन कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनवर गिटार बनवायला सुरुवात केली, तेव्हा हे कोणी फारसं करत नव्हतं, आज सगळी इंडस्ट्री तशीच चालते. त्यामुळे होतं काय, टी-६० च्या नेक इतक्या नेमक्या आहेत की चाळीस-पंचेचाळीस वर्षांनीसुद्धा बहुतेक गिटारी साध्या सेटअपवर सुंदर वाजतात.

तिच्या टोनच्या बटणाचं काम बघ म्हणजे तुला कळेल त्या लोकांनी किती विचार केला होता. बटण १० वर असताना हंबकर (दोन कॉइलच्या, म्हणजे तारेच्या दोन गुंडाळ्यांच्या) पिकअपची एकच कॉइल चालू असते, म्हणजे सिंगल कॉइलचा काचेसारखा स्वच्छ आवाज. १० वरून ७ कडे आणत जाशील तशी दुसरी कॉइल हळूहळू मिसळत जाते, ७ वर पूर्ण हंबकर, जाड आवाज. ७ च्या खाली गेलं की मग ते नेहमीसारखं टोनचं बटण होतं, ट्रेबल कमी करत जातं. दोन पिकअप, प्रत्येकाला असं वेगळं बटण, वर फेजचा स्विच. बरेच लोक दुकानात ही गिटार उचलतात, बटण १० वर असतं, "आवाज फारच बारीक आहे" म्हणून खाली ठेवतात, कारण त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. तू मात्र बटण फिरवून बघ. वजन आहे हं, चार-साडेचार किलो किंवा वरच, उभं राहून दोन तास वाजवणार असशील तर रुंद पट्टा घे. एकेकाळी याला कोणी विचारत नव्हतं, आता भाव वाढलेत, तरी चांगल्या अवस्थेतली टी-६० केससकट हजाराच्या आसपास मिळायला हवी.

फेंडरचंच नाव हवं असेल, आणि हवं असण्यात काही गैर नाही, तर स्टुडंट मॉडेलं बघ. १९५६ मध्ये म्युझिकमास्टर आणि ड्युओ-सॉनिक आल्या, १९६४ मध्ये मस्टँग. स्ट्रॅट बनायचा त्याच फुलरटनच्या फॅक्टरीत बनलेल्या, फक्त स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, छोटं, साडेबावीस किंवा चोवीस इंच, स्ट्रॅटचं साडेपंचवीस असतं. छोट्या स्केलवर तारा ढिल्या लागतात, म्हणून अकरा गेजचा, म्हणजे जरा जाड तारांचा, सेट लाव. साठच्या दशकातली मस्टँग आता तुझ्या हाताबाहेर गेलीय, कर्ट कोबेनने ती प्रसिद्ध केल्यावर भाव चढले ते उतरलेच नाहीत, पण सत्तरच्या दशकातली म्युझिकमास्टर बजेटमध्ये बसते. माझा स्वतःचा जास्त ओढा लीड सिरीजकडे आहे. मूळ सिरीज १९७९ ते १९८२ एवढीच बनली, फुलरटनलाच, पूर्ण स्केल. लंडनच्या हार्ड रॉक कॅफेच्या भिंतीवर जी पहिली गिटार लागली, एरिक क्लॅप्टनने दिलेली, ती लीड टू होती. इतकं असून तिची नक्कल करायला कोणी धावलं नाही त्यामुळे भाव अजून शहाणे आहेत.

आणि लिओ फेंडरने कंपनी विकली म्हणजे काम थांबवलं असं नाही. आधी म्युझिक मॅन, मग जॉर्ज फुलर्टनबरोबर जी अँड एल, आणि १९९१ मध्ये जाईपर्यंत तो पिकअप आणि ब्रिज सुधारतच होता. १९८० ची जी अँड एल एफ-१०० तुझ्या बजेटच्या काठावर येते. ज्याच्या नावाच्या स्टिकरसाठी लोक वीस-वीस हजार मोजतात त्या माणसाने आयुष्यभराच्या अनुभवानंतर बनवलेली गिटार हजार-दीड हजारात मिळते, याचं मला दरवेळी नवल वाटतं.

गिब्सनमध्ये मेलडी मेकर. १९५९ पासून, लेस पॉल बनायचा त्याच कॅलमझूच्या फॅक्टरीत, तेच महोगनी, फक्त बॉडी पातळ आणि पिकअप साधा. मूळ अवस्थेतली महाग झालीय पण कोणीतरी सत्तरच्या दशकात मोठे पिकअप बसवायला बॉडी खोदलेली, किंवा परत रंगवलेली, अशी शोध. परत रंगवली की किंमत साधारण निम्मी होते, आवाजाला काही होत नाही. हेडस्टॉक, म्हणजे नेकचं वरचं टोक, तुटून जोडलेली गिब्सनसुद्धा स्वस्त मिळते आणि जोड चांगला असेल तर आयुष्यभर टिकते, फक्त तो जोड कोणी केला आणि कधी केला हे विचार, आणि मागून उजेडात तिरकं धरून बघ.

लॅप स्टील हा प्रकार मी तुला मुद्दाम सुचवतोय कारण तू कलेक्शन म्हणालास. पन्नासच्या दशकातली सुप्रो लॅप स्टील पाचशेच्या आसपास मिळते, जुन्या अमेरिकन इलेक्ट्रिक वाद्यांत याहून स्वस्त दाराने आत शिरता येत नाही. मांडीवर ठेवून सळईने वाजवायची, म्हणजे आपल्याकडे ज्याला हवाईयन गिटार म्हणतात तेच, आणि रेडिओवर हिंदी गाण्यांच्या धुना त्या गिटारवर ऐकत आपल्या घरातल्या मोठ्या माणसांची एक अख्खी पिढी वाढलीय, तुझ्या आईबाबांना विचार. सुप्रोच्या पिकअपमध्ये तारा चुंबकांच्या मधून आरपार जातात, त्याचा आवाज इतका खास आहे की राय कूडरने, आपल्या विश्वमोहन भट्टांबरोबर वाजवणाऱ्या त्याच कूडरने, तो पिकअप काढून स्वतःच्या स्ट्रॅटवर बसवला. लोकांनी मग लॅप स्टील मोडून पिकअप काढायला सुरुवात केली, मला ते बघवत नाही. तू घेतलीस तर मोडू नकोस, वाजव.

आता तुझे दोन मित्र. नवी मेक्सिकन फेंडर घे म्हणणारा चुकीचं सांगत नाहीये. तुला दर शनिवारी बाहेर वाजवायचं असेल, एकच गिटार असेल आणि ती कधीच त्रास देऊ नये अशी अपेक्षा असेल तर त्याचं ऐक. पण तू लिहिलंयस तुला जुनी हवीय, आणि माझ्या मते ती इच्छा पुरेसं कारण आहे. पाच वर्षांत दुप्पट म्हणणाऱ्याचं मात्र ऐकू नकोस. फेंडरच्याच जॅझमास्टर आणि जॅग्वार एकेकाळी दुकानात पडून असायच्या, पुढे वाजवणाऱ्यांच्या एका पिढीने त्या उचलल्या आणि भाव कुठच्या कुठे गेले. एअरलाइनचं तसंच, जॅक व्हाइटने ती वाजवली आणि हट्टोची स्वस्त गिटार चैनीची झाली. हे आधी कोणाला सांगता आलं नव्हतं, पुढचं तुझ्या मित्रालाही सांगता येणार नाही. विकताना वेबसाइटचं कमिशन जातं, पार्सलचा खर्च जातो. नीट पारखून योग्य भावात घेतलीस तर फारसा तोटा होणार नाही, एवढीच अपेक्षा ठेव.

योग्य भाव कसा कळणार, तर ऑनलाइन विकणारे जी किंमत मागतायत ती बघू नकोस, तेच मॉडेल प्रत्यक्ष कितीला विकलं गेलं ते बघ, दोन्हीत खूप अंतर असतं. आणि १५०० म्हणजे सगळं धरून १५००. दुकानातून किंवा वेबसाइटवरून घेतलीस तर न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के टॅक्स, १३५० वर तो जवळपास नव्वद डॉलर होतो. सेटअप, नेकच्या टोकाला तारांच्या खाचा असलेल्या पट्टीचं (तिलाही नटच म्हणतात) काम, फ्रेट थोडे घासून सारखे करणं याला दोनशे-अडीचशे. मूळ केस नसेल तर केसचे शंभर. म्हणून गिटारची किंमत अकराशेच्या वर नको. बायकोला हा पूर्ण हिशोब आधीच दाखव, नंतर "अजून फक्त दोनशे" असं सांगायची वेळ आणू नकोस. आणि कलेक्शनचं म्हणशील तर पहिली गिटार वर्षभर तरी वाजव, मग दुसरीचं बघू.

वर्ष ओळखायला विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नको. आतल्या पॉटवर, म्हणजे व्हॉल्यूम-टोनच्या बटणाखालच्या गोल डब्यावर, एक नंबर छापलेला असतो. उदाहरणार्थ १३७६५१२, यात १३७ म्हणजे सीटीएस कंपनी, ६५ म्हणजे १९६५, १२ म्हणजे बारावा आठवडा. ३०४ असेल तर स्टॅकपोल. गिटार त्या तारखेच्या आधीची असू शकत नाही, नंतरची असू शकते. हार्मनीमध्ये पोकळ बॉडीच्या आत शाईचा शिक्काही असतो, टॉर्च मारून एफ होलमधून, म्हणजे बॉडीवरच्या एफच्या आकाराच्या भोकातून, बघ, वर्षाचे आकडे दिसतात.

शेवटचा मुद्दा पुण्याचा, आणि हा गंभीरपणे घे. त्या काळातल्या बऱ्याच गिटारींचा फ्रेटबोर्ड ब्राझिलियन रोझवूडचा असतो, डॅनइलेक्ट्रो आणि हार्मनीसारख्या स्वस्त गिटारींचासुद्धा, कारण तेव्हा ते लाकूड मुबलक होतं. १९९२ पासून ते लाकूड साइट्स कराराच्या, म्हणजे धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या यादीत आहे, म्हणजे सगळ्यात कडक. देशाबाहेर न्यायचं तर कागदपत्रं लागतात, गिटार जुनी आहे म्हणून आपोआप सुटका नाही. अमेरिकेतून निघायच्या बऱ्याच आधी फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसकडे अर्ज करावा लागतो आणि वाद्य कराराच्या आधीचं आहे हे दाखवावं लागतं, भारताच्या बाजूचे नियमही तेव्हाच विचारून ठेव. त्यासाठी आजपासूनच खरेदीची पावती, पॉटच्या नंबरचे आणि शिक्क्याचे फोटो एका फोल्डरमध्ये ठेव. साठच्या दशकाच्या अखेरीनंतर अमेरिकन कंपन्या हळूहळू इंडियन रोझवूडकडे वळल्या, आपलं शिसवी, आणि त्या लाकडाच्या तयार वाद्यांना २०१९ पासून या करारातून सूट आहे. मेपलचा फ्रेटबोर्ड असेल, जसा टी-६० चा बहुतेकदा असतो किंवा लीडचा असू शकतो, तर लाकडाचा प्रश्नच येत नाही.

म्हणून माझा सल्ला असा. रॉकेट वरच्या परीक्षेत पास झाली आणि अकराशेला आली तर घे, कागदपत्रांची खटपट करायची तयारी ठेवून. नापास झाली तर दोन पिकअपची सिल्व्हरटोन शोध, तीच खटपट तिथेही आहे. आणि ती खटपट नकोच असेल तर मेपलवाली टी-६०, डोळे झाकून. हिवाळ्यात हीटर चालू असतो तेव्हा यातली कुठलीही भिंतीवर टांगून ठेवू नकोस, केसमध्ये ओलावा देणारी पुडी घालून ठेव, नाहीतर लाकूड आकसून फ्रेटची टोकं बोटांना लागायला लागतात.

रॉकेट बघायला जाशील तेव्हा चार फोटो काढ: ब्रिजची चाकं बाजूने, टाचेचा सांधा, पिकअप जवळून, आणि आतला शिक्का. पाठव मला, मी बघून सांगतो, पैसे त्यानंतर दे.